डेक एक, घरे दोन

चाळिशी ओलांडलेल्या वाचक बंधू-भगिनींना 'डेक' म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये ज्या घरी डेक असे, त्या घराचा थाट वेगळाच असे. बारसे असो, लग्नाची हळद असो की चौदा एप्रिल, डेकवाल्या घरी निरोप आधी जाई. आमच्या घरी असा एक डेक आहे. 'होता' न म्हणता 'आहे' म्हणतो, कारण तो आजही चालतो आणि एकाच वेळी दोन घरांत वाजतो. तो दोन घरांत कसा वाजू लागला, त्याची ही हकीकत आहे. यात थोडे विजेचे शास्त्र आहे, थोडा हिशेब आहे आणि आमच्या घरातले एक भांडणही आहे. भांडण लपवले तर शास्त्रही नीट सांगता येणार नाही, म्हणून तिन्ही सांगतो.

आमचे बाबा रेल्वेत गँगमन होते. हावडा-मुंबई मार्गावर गोंदिया जंक्शनच्या आसपास रूळ सांभाळण्यात त्यांची नोकरी गेली. लोखंडावर लोखंड आपटायचे आणि अंगाशेजारून गाड्या धडधडत जायच्या. निवृत्त होण्याआधीच त्यांचे कान अधू झाले. १९९४ साली दसऱ्यापूर्वी मिळालेल्या बोनसमध्ये पदरचे पैसे घालून त्यांनी हा डेक, एक लहान ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर बॉक्स घेतले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. डेकच्या मागच्या बाजूला लाल आणि पांढरी अशी दोन भोके होती आणि वर 'लाइन आउट' असे लिहिले होते. त्यांतून निघणारा आवाज इतका बारीक असतो की ॲम्प्लिफायरने तो मोठा केल्याशिवाय स्पीकर हलत नाही, हे मला त्या वयात बाबांनीच सांगितले. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी त्यांनी पत्र्याच्या डब्यात, प्रत्येकीवर आपल्या हाताने नाव लिहून ठेवल्या होत्या. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. घरातले त्यांचे बहुतेक लेखन म्हणजे या चिठ्ठ्या.

आता भांडणाकडे वळतो.

माझा थोरला भाऊ राईस मिलमध्ये फिटर आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. २०१२ साली त्याने ओव्हरटाइमच्या पैशांतून एक चांगला ॲम्प्लिफायर घेतला. किंमत बत्तीसशे रुपये. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला घरभर गाणी ऐकू यावीत म्हणून मी शहाणपणा केला. बाबांचे दोन आणि शेजाऱ्याचे दोन, असे चार स्पीकर मी त्या एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. चारही स्पीकरांच्या तारा एकाच ठिकाणी पिळल्या. तासाभराने आवाज फाटला, मग जळका वास आला आणि मग सगळे शांत झाले. आतली आयसी गेली होती आणि तिच्याबरोबर ट्रान्सफॉर्मरही.

का गेली, ते मला फार उशिरा कळले. प्रत्येक स्पीकर आठ ओहमचा होता. आठ ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी एकाच तारेवर लावले की ॲम्प्लिफायरला ते चार ओहमचे दिसतात. चार लावले की दोन ओहमचे. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त ओढला जातो. चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर चार ओहमच्या भाराला पूर्ण आवाजात तीन अँपियरहून थोडा अधिक करंट देतो. दोन ओहम लावले तर त्याच्याकडून सहाच्या पुढे मागणी होते. त्या यंत्राच्या मागे स्पष्ट लिहिले होते की चार ते आठ ओहम. मी ते वाचले नव्हते. दोन-दोन स्पीकर आधी एकामागे एक जोडले असते आणि मग त्या दोन जोड्या शेजारी-शेजारी लावल्या असत्या, तर चौघांचे मिळून पुन्हा आठच ओहम झाले असते आणि काहीच जळले नसते.

दादा त्या दिवशी काही बोलला नाही. मीही पैशांचे काही बोललो नाही. एकत्र घर होते, विषय मागे पडला असे मला वाटले.

२०१७ साली आई गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात आमची वाटणी झाली. अंगणात विटांची भिंत आली, दादाने वेगळे मीटर घेतले आणि वेगळे अर्थिंगही केले. बाबा माझ्या बाजूला राहिले. वाटणीच्या वेळी वस्तीतली चार जाणती माणसे बसली होती. भांडी, कपाट, सायकल असे सगळे लिहून झाल्यावर दादा म्हणाला, "त्या ॲम्प्लिफायरचे बत्तीसशे बी लिहा." मी हसलो. मी बी.कॉम., कारकून माणूस. चार लोकांसमोर म्हणालो, "सात वर्षं झाली त्याले. घसारा लावला तर किंमत शून्य निघते." लोक हसले. दादा उठून गेला. त्यानंतर अकरा महिने तो माझ्याशी बोलला नाही. बाबांना रोज भेटायला यायचा, पण रस्त्याकडच्या दारात उभा राहायचा. उंबरा ओलांडायचा नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. २२ तारखेपासून प्रवासी गाड्या थांबल्या. आमच्या वस्तीला रुळांचा आवाज सतत असतो, तो एकाएकी बंद झाला. अधूनमधून मालगाडी तेवढी जाई. कमी ऐकू येणाऱ्या बाबांनाही ती शांतता जाणवली. गाड्या का जात नाहीत, हे ते दिवसातून तीन वेळा विचारायचे. एप्रिल उजाडला तेव्हा यंदा जयंती घरोघरीच साजरी करायची, मिरवणूक नाही, विहारात जमायचे नाही, हे सगळ्यांना कळून चुकले होते. बाबांना ते कळत होते, पण पटत नव्हते. अकरा तारखेला ते मला म्हणाले, "चौदा तारखेले डेक लावजो. अन् तिकडे बी वाजला पाहिजे." तिकडे म्हणजे भिंतीपलीकडे.

डेक एकच. बाबांची ती कॅसेट दुसरीकडे कुठेच नव्हती. आवाज मोठा करून भिंतीपलीकडे पोचवणे हा एक मार्ग होता, पण तो मार्ग आम्ही वर्षानुवर्षे भोगला होता. बाबांना ऐकू येईल इतका आवाज केला की मुलांचा अभ्यास बुडायचा, आणि मुलांना सोसेल इतका ठेवला की बाबा हात कानामागे नेऊन बसायचे. एका ॲम्प्लिफायरला कितीही स्पीकर लावा, त्याचे व्हॉल्यूमचे बटण एकच असते. मला हवे होते ते निराळे. गाणे एकाच डेकमधून निघावे, पण बाबांसाठी त्यांचा ॲम्प्लिफायर, माझ्याकडे माझा आणि दादाकडे त्याचा, असे तीन असावेत आणि प्रत्येकाचे बटण प्रत्येकाच्या हातात राहावे.

दादाची मुलगी तेव्हा नववीत होती. दोन्ही घरांत तिची ये-जा होती. तिच्याकडे निरोप पाठवला की बाबांची अशी इच्छा आहे, मी भिंतीतून वायर देतो, तुझ्या ॲम्प्लिफायरला लाव. ती गेली आणि परत आली. म्हणाली, "काका, पप्पा विचारून राहिले, पुन्हा जाळशीन काय?"

हा प्रश्न बरोबर होता. मला त्याचे उत्तर माहीत नव्हते. म्हणून वस्तीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना फोन लावला. त्यांचे दुकान बंद होते, पण फोन चालू होता. तो पाऊण तास मला कॉलेजच्या तीन वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेला.

काकांनी आधी एवढेच सांगितले की ॲम्प्लिफायरची पुढची बाजू आणि मागची बाजू यांत गल्लत करू नका. मागची बाजू म्हणजे स्पीकरची. तिथे ताकद जाते. बैलगाडीवर चार पोत्यांऐवजी आठ पोती टाकली तर बैल बसतो, तसे तुमचे २०१३ साली झाले. पुढची बाजू म्हणजे जिथे डेकची पिन लागते ती. तिथे ताकद जात नाही, नुसता निरोप जातो. फळ्यावर लिहिलेले एका पोराने वाचले काय आणि चाळीस पोरांनी वाचले काय, खडू तेवढाच झिजतो.

मग आकडे सांगितले. कारकुनाला आकडे दिले की पटते. डेकच्या लाइन आउटवर साधारण अर्धा व्होल्ट दाब असतो. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा अडथळा दहा हजार ते पन्नास हजार ओहम असतो; सत्तेचाळीस हजार ही नेहमी आढळणारी संख्या. अर्ध्या व्होल्टला सत्तेचाळीस हजाराने भागा. एका अँपियरचा साधारण लाखावा भाग येतो. कुठे स्पीकरचे तीन अँपियर आणि कुठे हा लाखावा भाग! तीन ॲम्प्लिफायर एकत्र लावले तर सत्तेचाळीस हजाराचे पंधरा हजार सातशे होतात. डेकचा स्वतःचा अडथळा हजार ओहम धरला, तर एका ॲम्प्लिफायरला शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग मिळतात आणि तीन लावल्यावर प्रत्येकाला चौऱ्याण्णव. ही चार भागांची घट कानाला कळत नाही. कळलीच तर बटण किंचित पुढे सरकवायचे. पण दहा लावले तर ब्याऐंशी-त्र्याऐंशीवर येते आणि तिथे फरक जाणवू लागतो. इतक्या ठिकाणी द्यायचे असेल तर मध्ये डिस्ट्रिब्यूशन ॲम्प्लिफायर लावावा लागतो. तो एक निरोप घेतो आणि प्रत्येक शाखेला वेगळा, पुरेशा जोराने देतो. कुठल्याही जोडणीत सगळ्या इनपुटांचा मिळून अडथळा डेकच्या अडथळ्याच्या दहा पटींहून खाली जाऊ देऊ नये, हा त्यांचा ढोबळ नियम.

आणखी एक ताकीद दिली. एकातून अनेकांना देता येते, पण अनेकांतून एकाला असे नुसत्या तारा पिळून देता येत नाही. डेक आणि मोबाईल या दोघांच्या पिना एकत्र जोडून एका ॲम्प्लिफायरला लावल्या, तर ते दोघे एकमेकांवरच जोर लावतात. आवाज दबतो, फाटतो आणि यंत्राला इजाही होऊ शकते. त्यासाठी मिक्सर किंवा निवडीचे बटण लागते. याच कारणाने लाल आणि पांढरी या दोन तारा एकमेकींना जोडू नयेत. लाल तीन लालांना, पांढरी तीन पांढऱ्यांना, एवढेच करावे.

मी भाचीकडे, म्हणजे पुतणीकडे (आमच्याकडे लाडाने तिला 'भाचीबाई' म्हणतात) कागद पाठवला. त्यावर दोनच ओळी होत्या. स्पीकरच्या बाजूला हात लावणार नाही. इनपुटला लावल्याने जळत नाही, काकांना विचारले आहे. थोड्या वेळाने ती परत आली, तेव्हा तिच्या हातात दादाचे सोल्डरिंग आयर्न होते. निरोप काहीच नव्हता.

दुकाने बंद असल्याने वायर घरातूनच शोधली. जुन्या सीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारा पेटीत पडल्या होत्या. पिवळी चित्रासाठी असते, पण तार त्याच जातीची, आत एक तार आणि भोवती जाळी. बाहेरचा उपद्रव जाळी अडवते, म्हणून साधी दिव्याची वायर इथे चालत नाही. आतल्या तारेला आतली तार, जाळीला जाळी, असे डाग देत मी जोड केले. बाबांची खोली आणि दादाची समोरची खोली यांच्यात जुनी सामाईक भिंत आहे. तिच्यात पूर्वीच्या वायरिंगचे एक भोक होते, ते वाटणीच्या वेळी सिमेंटने बुजवले होते. मी माझ्याकडून स्क्रू-ड्रायव्हरने टोकरू लागलो. थोड्या वेळाने पलीकडूनही टोकरण्याचा आवाज येऊ लागला. बाबांनी भिंतीला हात लावून पाहिले. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण हाताला कळत होता.

तेरा तारखेच्या संध्याकाळी सगळे जोडले आणि बटणे लावली, तर दोन्ही घरांत गाण्याआधी 'घूंऽऽ' असा जाड आवाज. कॅसेट बंद केली तरी तो चालूच. पलीकडून दादाच्या खोकल्याचा आवाज आला. त्याचा अर्थ मला कळला.

पुन्हा काकांना फोन. ते म्हणाले, तुम्हा दोघांचे अर्थिंग वेगळे आहे ना? दोन खड्ड्यांतल्या जमिनी आपल्याला सारख्या वाटतात, पण विजेच्या लेखी त्यांत थोडा फरक असतो. तुमच्या तारेच्या जाळीने दोन्ही ॲम्प्लिफायरांचे पत्र्याचे डबे जोडले गेले, डबे अर्थिंगला जोडलेले, आणि एक मोठे वर्तुळ तयार झाले. त्या वर्तुळातून मेन लाइनचा पन्नास आवर्तनांचा करंट फिरतो आणि तोच घूं ऐकू येतो. मी विचारले, मग दादाच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली तर? माझ्या माहितीतले बरेच लोक असेच करतात. काका फोनवरच ओरडले. ती पिन माणसासाठी आहे, गाण्यासाठी नाही. आत कुठे तार सुटून पत्र्याला लागली, तर पिन असल्यास फ्यूज जातो आणि नसल्यास माणूस जातो. बंधू-भगिनींनो, या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे एक विसरू नका.

उपाय त्यांनी दोन सांगितले. दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच घरच्या एकाच बोर्डावर लावायचे, म्हणजे अर्थिंग एकच होते आणि वर्तुळातला करंट जवळजवळ जातो. दुसरा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवायचा. काडेपेटीएवढी वस्तू असते. एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात गाणे चुंबकाच्या जोरावर जाते, मधे तार जोडलेलीच नसते, म्हणून वर्तुळ तुटते. दुकाने बंद असताना तो मिळणे शक्य नव्हते. उरला पहिला.

म्हणजे दादाचा ॲम्प्लिफायर माझ्या मीटरवर चालवायचा. त्याच भोकातून माझ्या बाजूची तीनपदरी वायर पलीकडे दिली. ही कायमची रीत नव्हे, एका दिवसाची अडचण म्हणून केली. बटणे लावली. घूं गेला. कॅसेट सुरू केली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच गाणे, एकाच क्षणाला. बाबांच्या ॲम्प्लिफायरला हेडफोन लावला होता. त्यांनी आपले बटण हवे तेवढे फिरवले आणि डोळे मिटले.

दहा मिनिटांनी दार वाजले. दादा होता. उंबऱ्याबाहेरच उभा. तोंडाला रुमाल बांधलेला. त्याने दहाची नोट पुढे केली.

"काय हे?"

"लाइटीचे. तुझ्या मीटरवर चालून राहिला ना."

मी मनातल्या मनात हिशेब केला. चाळीस वॅट, चार तास, म्हणजे एका युनिटचा सहावा भाग. रुपयाच्या आसपास. पण एकदा चार लोकांसमोर हिशेब सांगून मी काय कमावले होते ते मला आठवले. मी नोट घेतली. "उद्या सकाळी सहाला लावतो," एवढे म्हणालो. तो "बरं" म्हणाला. अकरा महिन्यांतले आमचे हे पहिले बोलणे.

चौदा तारखेला सकाळी दोन्ही घरांत एकाच डेकवर सुरुवात झाली. त्याच दिवशी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची बातमी आली. शेजारच्या घरांत लोकांनी आपापल्या परीने केले. आमच्या दोन घरांत मात्र वहिनीने तिकडे आणि माझ्या पत्नीने इकडे एकाच कॅसेटवर मेणबत्त्या लावल्या. कॅसेटची बाजू संपली की बाबा उठून ती उलटत. ते काम त्यांनी कोणाला करू दिले नाही.

पुढे मे महिन्यात एक दिवस सकाळी आमच्याकडचा आवाज फाटू लागला. मला वाटले पुन्हा काही जळाले. मग शंका आली की दादाने रागाने काही केले. काकांनी विचारले, तिघांपैकी एखादा बंद आहे का? बंद ॲम्प्लिफायरची आतली रचना काही वेळा इनपुटवरचा निरोप खेचून जमिनीला नेते आणि त्यामुळे बाकीच्यांचा आवाज बिघडतो. चालू असलेला कमी त्रास देतो, बंद असलेला जास्त. दादाची रात्रपाळी सुरू झाली होती. तो झोपताना यंत्र बंद करत होता, इतकेच. पुतणीमार्फत सांगितले की बंद करायचे असेल तर पिनही काढ, नाहीतर चालू ठेवून बटण शून्यावर ने. तेव्हापासून तो चालू ठेवून शून्यावर नेतो.

दुकाने उघडल्यावर मी दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणले, एक लालसाठी, एक पांढरीसाठी. दादाचा ॲम्प्लिफायर त्याच्या स्वतःच्या मीटरवर गेला. माझी तीनपदरी वायर भोकातून परत काढून घेतली. गाण्याची तार तेवढी राहिली.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि एक चूक मला दिसली. ती मी बी.कॉम. असून केली होती. घसारा वस्तू नष्ट झाल्याच्या तारखेपर्यंत लागतो, मागणी केल्याच्या तारखेपर्यंत नाही. ॲम्प्लिफायर २०१२ साली घेतला, २०१३ साली माझ्या हातून जळाला. एकाच वर्षाचा घसारा. यंत्राला पंधरा टक्के धरले तर चारशे ऐंशी. बत्तीसशे वजा चारशे ऐंशी, बाकी सत्तावीसशे वीस रुपये. मी शून्य म्हणालो होतो, आणि ते चार लोकांसमोर म्हणालो होतो.

सत्तावीसशे वीस रुपये पाकिटात घालून मी दादाच्या दारात गेलो. हिशेबाचा कागद सोबत दिला. त्याने कागद वाचला, नोटा मोजल्या, वरची वीसची नोट वेगळी धरली आणि म्हणाला, "घसारा कापूनच आणला ना लेका." मग वहिनीला आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी उंबरा ओलांडला. वाटणीच्या वेळी बसलेल्या चार जणांनाही नंतर मी तो कागद दाखवला. ते करणे मला पैसे देण्यापेक्षा जड गेले.

आता कॅसेटींच्या फिती अशक्त झाल्या आहेत. पुतणीने डेकचे लाइन आउट कॉम्प्युटरला लावून सगळी गाणी उतरवून घेतली. ती आता मोबाईलवर आहेत. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर निघते, तीच आमच्या जुन्या जोडाला लागते. डेक आणि मोबाईल एकत्र लावत नाही. एकाची पिन काढून दुसऱ्याची लावतो. गाणे चालू असताना फोन आला तर त्याची घंटी दोन्ही घरांत वाजते, म्हणून फोन आधी फ्लाइट मोडवर टाकावा लागतो. पुतणीने एकदा तार नको म्हणून दादाकडे ब्लूटूथचा स्पीकर लावून पाहिला. त्यात आवाज पोचायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक उशीर झाला. हवेतून आवाज तेवढ्या वेळात चौतीस मीटर जातो. आमची दोन्ही घरे मिळून रुंदी बारा मीटर. भिंतीपलीकडचा दादा जणू रस्त्याच्या पार टोकाला गेल्यासारखा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येऊ लागला. तारच बरी, असे दोन्ही घरांनी ठरवले.

ज्यांना आपल्या घरी असे काही करायचे असेल त्यांनी एवढे पाळावे. जोडताना सगळी यंत्रे बंद, बटणे शून्यावर. स्पीकरच्या तारा इनपुटला लावू नयेत. तारा जाळीच्या आणि गरजेपुरत्याच लांब. अर्थिंगची पिन कापू नये. आणि आवाज आपल्या भिंतीत राहील एवढाच ठेवावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकर लावता येत नाही. प्रत्येक खोलीला आपले बटण असले की ही मर्यादा पाळणे जड जात नाही.

बाबा आता पंच्याहत्तरी ओलांडून गेले आहेत. हेडफोन लावला तरी त्यांना शब्द फारसे कळत नाहीत, ठेका तेवढा कळतो. तरी रोज सकाळी ते एकदा तरी भिंतीकडे बोट दाखवून विचारतात, "तिकडे वाजते काय?" मी भिंतीवर दोनदा टिचकी मारतो. दादा घरी असला तर पलीकडून दोन टिचक्या येतात. बाबा हात भिंतीला लावून बसलेले असतात.